भाव ठरला नाही म्हणजे शून्य नाही

माझे काका नागपूरला कळमन्याच्या मार्केटात संत्र्याची अडत करतात. मागच्या मृग बहारात त्यांनी विचारलं, बाबू, काटोलचा माल सरासरी काय भावाने गेला रे? आम्ही दोघं अख्खी दुपार वहीची पानं पलटवत बसलो, आणि त्याच आठवड्यात मी एसक्यूएल, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, शिकायला घेतलं.

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं की माहिती टेबलात ठेवा, आणि ती मशीनमध्ये नेमकी कुठे पडली आहे याची चिंता वापरणाऱ्याला नको. त्यावरूनच १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा आणली, तेव्हा नाव होतं सीक्वेल, मग ट्रेडमार्कच्या भानगडीत बदलावं लागलं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आपण फक्त काय पाहिजे ते बोलायचं. काका दुकानातल्या पोराला "काटोलच्या हिशोबपट्ट्या काढ" म्हणतात, कोणत्या कपाटातून ते नाही सांगत, तसंच.

आधी क्रिएट टेबलने आवक नावाचं टेबल केलं, रकाने तीनच: गाव, क्विंटल, भाव. मग माल आला की इन्सर्ट इनटू आवक, कंसात रकान्यांची नावं, पुढे व्हॅल्यूज आणि कंसात 'काटोल', १२, ३०००. गावाला सिंगल कोट्स लागतात, आकड्याला नाही. रकान्यांची नावं लिहायचा कंटाळा करू नका, उद्या मधे एखादा रकाना वाढला तर सगळं घसरतं.

विचारायचं तर सिलेक्ट, कुठून ते फ्रॉम, अट व्हेअरमध्ये. भावाप्रमाणे लावून पाहिजे तर ऑर्डर बाय लिहाच, नाहीतर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची गॅरंटी नाही.

आता खरी गंमत. समजा काटोलचे तीन लॉट आले, १२ क्विंटल ३००० ने, ८ क्विंटल २४०० ने, आणि ५ क्विंटलचा भाव अजून तुटायचा आहे. तिथे शून्य टाकलं तर सरासरी १८०० दिसते, म्हणजे माल मातीमोल गेल्यासारखं! म्हणून तिथे नल ठेवायचं, नल म्हणजे "माहीत नाही". ॲव्हरेज काढताना एसक्यूएल नल सोडून देतं, उत्तर २७००. पण काका लगेच म्हणाले, हे बी चूक, बारा क्विंटल आणि आठ क्विंटल सारखे धरतो काय? बरोबरच होतं त्यांचं. मग मी क्विंटल गुणिले भाव यांची बेरीज भागिले क्विंटलची बेरीज केली तर आलं २२०८, आणि मी अर्धा तास डोकं खाजवत बसलो. वरच्या बेरजेत नलवाला लॉट गळाला होता, कारण नलने काहीही गुणलं तरी नलच येतं, पण खालच्या बेरजेत त्याचे ५ क्विंटल मोजले जात होते. व्हेअर भाव इज नॉट नल जोडलं तेव्हा कुठे खरं उत्तर आलं, २७६०.

आणि हो, व्हेअर भाव बरोबर नल असं लिहिलं तर एकही ओळ येत नाही, कारण "माहीत नाही" ची तुलना कशाशीच होत नाही. इज नल च लिहावं लागतं. काका आता रोज संध्याकाळी तेवढं एकच विचारतात, इज नलवाले किती राहिले, आणि त्या शेतकऱ्यांना फोन लावतात.