वेबसाइटवर मजकूर टाकताना: स्पेसबारने सजवू नका, खुणा वापरा

आम्ही करून दिलेल्या तुमच्या साइटवर सूचना, बातम्या, लेख तुम्ही स्वतः टाकता हे आम्हाला मनापासून आवडतं, साइट ताजी राहते ती त्यामुळेच. पण "आम्ही लिहिलं एक आणि दिसतंय भलतंच" असे फोनही सारखे येतात. मजकूर करड्या चौकटीत गेला, अख्खा परिच्छेद मोठ्ठा आणि ठळक झाला, कवितेच्या ओळी एकामागोमाग एक चिकटल्या, वगैरे. साइट बिघडलीये असं वाटतं आणि ते साहजिक आहे, पण उघडून बघितलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं, मजकूर कीबोर्डने सजवलेला असतो. म्हणून हे पत्रक एकदा नीट वाचा आणि जो कुणी मजकूर टाकतो, मग ते शाळेतले क्लार्क असोत, वाचनालयाचे ग्रंथपाल असोत की होमस्टे बघणारा मुलगा, त्यालाही वाचायला द्या.

आधी थोडी उजळणी. आपला लिहायचा बॉक्स साधा आहे, त्यात मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर मांडायच्या पद्धतीच्या, खुणा चालतात. ठळक करायचं तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार, **प्रवेश सुरू** असं. शीर्षक हवं तर ओळीच्या सुरुवातीला दोन हॅश, मग एक स्पेस, मग शीर्षक. यादी हवी तर प्रत्येक ओळ डॅश आणि स्पेसने सुरू करा. कुणाचं म्हणणं जसंच्या तसं द्यायचं असेल तर ओळीआधी > ही खूण. लिंकसाठी शब्द चौकोनी कंसात आणि त्याला चिकटून पत्ता गोल कंसात. रोजच्या कामाला एवढं पुरतं.

आता मुख्य चूक. वर्डमध्ये किंवा टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाला सवय असते की शीर्षक मधोमध आणायला आधी दहा-पंधरा स्पेस मारायच्या, नवीन परिच्छेद आत सरकवायला चार-पाच स्पेस मारायच्या. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावायची असेल तर ते चालून जातं. पण मार्कडाउनमध्ये परिच्छेदाच्या सुरुवातीला चार किंवा जास्त स्पेस आल्या की त्याचा अर्थ होतो "हा प्रोग्रामचा कोड आहे, याला हात लावू नको, आहे तसा दाखव". मग तुमचं ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ करड्या चौकटीत, टाइपरायटरसारख्या अक्षरात जातं, ओळ लांब असेल तर मोबाइलवर बोटाने उजवीकडे सरकवत वाचावी लागते, आणि त्या भागातले स्टारही तसेच्या तसे दिसतात कारण कोडमधल्या खुणा साइट मुद्दामच बदलत नाही. उपाय एवढाच की ओळीच्या सुरुवातीला स्पेस मारूच नका. शीर्षकाला दोन हॅश द्या, ते मधोमध घ्यायचं की डावीकडे हे साइटच्या डिझाइनमध्ये ठरवलेलं आहे, सगळ्या पानांवर एकसारखं येईल, आणि तुम्हाला सगळीकडे मधोमध हवं असेल तर सांगा, आम्ही एकदाच बदलून देतो.

याच सवयीचा दुसरा प्रकार म्हणजे डॅशची रेघ. सूचना संपली की खाली ------------ अशी रेघ ओढायची. आता गंमत अशी की मजकुराच्या लगेच खालच्या ओळीत नुसते डॅश आले की मार्कडाउन समजतं वरचा मजकूर शीर्षक आहे. त्यामुळे रेघेच्या वरचा पूर्ण परिच्छेद, पाच ओळींचा का असेना, शीर्षकाच्या आकारात येतो. बरोबरच्या चिन्हांची रांग ओढली तरी हेच, उलट आणखी मोठं. रेघ खरंच हवी असेल तर मजकूर आणि रेघ यांच्यामध्ये एक रिकामी ओळ सोडा, मग ती रेघच राहते. बऱ्याच जणांचा प्रश्न या एका रिकाम्या ओळीने सुटतो.

एन्टरचंही सांगायला हवं. एकदा एन्टर मारला तर साइट ती नवीन ओळ धरत नाही, आधीच्याच परिच्छेदाला जोडते. नवीन परिच्छेदासाठी दोनदा एन्टर, म्हणजे मधे एक रिकामी ओळ. लेखाला हे ठीक आहे पण पत्ता, कार्यक्रमपत्रिका, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कविता इथे पंचाईत होते. दिवाळी अंक साइटवर चढवणाऱ्या मंडळींनी इथे विशेष लक्ष द्या, कवीची चार ओळींची रचना एका ओळीत सलग छापून आली तर त्याला किती वाईट वाटतं हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. ओळ तिथेच तोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्यायच्या असा जुना नियम आहे, पण आम्ही तो सांगत नाही, कारण एक तर त्या स्पेस डोळ्यांना दिसत नाहीत आणि दुसरं म्हणजे बऱ्याच फोनचे कीबोर्ड दोन स्पेसचा आपोआप पूर्णविराम करून टाकतात. त्यापेक्षा ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ \ द्या आणि एन्टर मारा. ती वाचकाला दिसत नाही, ओळ मात्र तुटते. कडवं संपलं की रिकामी ओळ, तिथे तिरकी रेघ नको.

मराठी आकड्यांची एक अडचण आहे, ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांना येतच नाही. नियम, अटी, सभेचे विषय असे क्रमांक देऊन लिहिताना तुम्ही १. २. ३. असं लिहिता, बरोबरच आहे, पण मार्कडाउनला यादी म्हणून फक्त इंग्रजी आकडा कळतो. मराठी आकडा त्याला साधं अक्षर वाटतं, म्हणून दहा नियम एकाच परिच्छेदात कोंबले जातात. तुम्ही इंग्रजी आकडे टाका, 1. असं, आणि पुढे एक स्पेस. वाचकाला पानावर मराठी आकडेच दिसतील अशी सोय आम्ही डिझाइनमध्येच करून ठेवलेली आहे. याच्या उलट भानगड म्हणजे ओळ इंग्रजी आकड्यातल्या सालाने सुरू झाली आणि सालापुढे टिंब आणि स्पेस आली तर त्याचीच यादी होते, तर साल ओळीच्या सुरुवातीला आलं तर पुढे टिंब देऊ नका.

स्टार द्यायला गेलं की भलतंच अक्षर येतं असंही काहीजण सांगतात. इनस्क्रिप्ट लेआउट, म्हणजे मराठी टायपिंगची एक कळमांडणी, चालू असेल तर शिफ्ट आणि ८ दाबल्यावर स्टार येत नाही, ‘श्र’ येतो, आणि शिफ्ट आणि ३ ला हॅशऐवजी रकार. कीबोर्ड खराब नाही, खूण टाकण्यापुरतं इंग्रजीवर जा आणि परत या. स्टार आणि शब्द यांच्यामध्ये स्पेसही नको, स्पेस राहिली की शब्द ठळक होत नाही, स्टारच छापले जातात. आणि कंस किंवा अवतरणचिन्ह ठळक करून त्याला लगेच प्रत्यय लावला, म्हणजे **(नवीन)**ची असं काही लिहिलं, तरी स्टार दिसतात. तिथे कंस स्टारच्या बाहेर काढा, (**नवीन**)ची, म्हणजे काम होतं.

व्हॉट्सअॅपवर एकच स्टार दिला की ठळक होतं, आपल्याकडे एका स्टारने अक्षर तिरपं होतं. ग्रुपवरचा मेसेज तसाच उचलून साइटवर टाकला की सगळी महत्त्वाची वाक्यं तिरपी दिसतात. आणि देवनागरी तिरपं चांगलं दिसत नाही हे आमचं स्पष्ट मत आहे. रोमन लिपीत इटॅलिकची अक्षरं वेगळी घडवलेली असतात, आपल्या बहुतेक फॉन्टांत तशी नसतात, ब्राउझर सरळ अक्षरच एका बाजूला कलवून दाखवतो. त्यामुळे मेसेजमधले स्टार डबल करा किंवा सरळ काढून टाका. एकाच वेळी अनेक मेसेज कॉपी केले तर तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नावही सोबत येतं, ते काढल्याशिवाय पोस्ट प्रसिद्ध करू नका, कुणाचं तरी नाव नाहक जगजाहीर होतं.

कॉम्प्युटर क्लासवाल्यांसाठी वेगळं. प्रोग्राम किंवा एक्सेलचा फॉर्म्युला टाकताना तो खुणांमध्ये बंदिस्त करा, नाहीतर क*ख*ग मधले गुणाकाराचे स्टार साइट गिळते, ‘ख’ तिरपा होतो आणि विद्यार्थी चुकीचा फॉर्म्युला वहीत उतरवून घेतो. ‘पेक्षा लहान’ चिन्हापुढे इंग्रजी अक्षर लगेच आलं तर ब्राउझर त्याला टॅग, म्हणजे पानाच्या रचनेची खूण, समजू शकतो आणि तेवढा भाग गायबच होऊ शकतो. एका ओळीचा फॉर्म्युला असेल तर दोन्ही बाजूंना एक-एक बॅकटिक, म्हणजे एस्केपच्या खालच्या बटणावरचा छोटा उलटा तिरपा फराटा, आणि पूर्ण प्रोग्राम असेल तर वरच्या आणि खालच्या ओळीत तीन-तीन बॅकटिक. हेही इंग्रजी लेआउटवरच मिळतं.

गूगल मॅपचा नकाशा लावताना कॉम्प्युटरवर ‘शेअर’मध्ये जाऊन एम्बेडचा, म्हणजे नकाशा पानात बसवायचा, कोड कॉपी करायचा आणि थेट बॉक्समध्ये पेस्ट करायचा. मधे वर्ड नको. रुंदी बदलायची म्हणून कोड वर्डमध्ये नेला आणि तिथे अवतरणचिन्ह पुन्हा टाइप केलं की वर्ड ते सरळ चिन्ह आपोआप वळवून टाकतं. माणसाला फरक जाणवत नाही पण ब्राउझरला फक्त सरळ चिन्ह कळतं, पत्त्याच्या शेवटचं चिन्ह वळलेलं असलं तर पत्ता कुठे संपला हेच त्याला समजत नाही, नकाशा येत नाही आणि कधीकधी त्याच्या खालचा मजकूरही गडप होतो. रुंदी आपल्या साइटवर स्क्रीनप्रमाणे आपोआप जुळते, कोडला हात लावायची गरजच नाही.

डीटीपीवाल्यांकडून मजकूर घेत असाल तर तो युनिकोडमध्येच मागा. श्री-लिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतो, फॉन्ट काढला की तेच दिसतं. कन्व्हर्टरने बदलून घेता येतो पण नंतर एकदा वाचावाच लागतो, रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

काहीजण विचारतात, दुसऱ्यांच्या साइटला रंगाची, फॉन्टची, अक्षर लहानमोठं करायची बटणं असतात, तुम्ही का देत नाही. आम्ही ती मुद्दाम दिलेली नाहीत. तशा बॉक्समध्ये वर्डमधून पेस्ट केलं की मजकुरासोबत वर्डचा छुपा कोडही येतो, प्रत्येक ओळीला फॉन्टचं नाव, आकार आणि काळा रंग चिकटलेला असतो. मग ज्या वाचकाने मोबाइलवर डार्क मोड लावलाय त्याला काळ्यावर काळी अक्षरं, म्हणजे काहीच दिसत नाही. ओळींमधलं अंतर कागदाच्या हिशोबाने आलेलं असतं, त्यात वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. दरपत्रकाचा तक्ता ठरावीक रुंदीचा येतो आणि फोनवर त्याचा उजवा रकाना, बहुतेक वेळा किमतीचाच, बाहेर जातो. आणि अक्षरांमध्ये अंतर वाढवायचं बटण मराठीत वापरलं की शिरोरेषाच तुटते. साध्या बॉक्समध्ये यातलं काहीच आत येत नाही. वर्डमधला ठळकपणा पेस्ट करताना निघून जातो अशी तुमची तक्रार असते, ती खरी आहे, पण तो पुन्हा द्यायला चार स्टार लागतात आणि छुपा कोड साफ करायला आम्हाला अर्धा दिवस लागायचा.

अक्षर मोठं करून शीर्षकासारखं दाखवणं आणि शीर्षक म्हणून सांगणं यातही फरक आहे. हॅश दिलेलं शीर्षक गूगलला शीर्षक म्हणून कळतं. दृष्टिहीन वाचक पान वाचून दाखवणारं एनव्हीडीएसारखं स्क्रीन रीडर वापरतात, त्यात एच हे बटण दाबून एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाता येतं. नुसत्या ठळक ओळी असतील तर त्या माणसाला सगळं पान पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं. शाळा आणि वाचनालयांनी तरी हे पाळावं असा आमचा आग्रह आहे. अधोरेखित करायची सोयही याच विचाराने ठेवलेली नाही, वेबवर खाली रेघ असली की लोक लिंक समजून बोट दाबत बसतात.

मार्कडाउन ही आमची खासगी पद्धत नाही. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ती आणली, आज जगभर वापरतात, फुकट आहे. उद्या तुम्ही दुसऱ्या कुणाकडून साइट करून घेतली तरी तुमचा मजकूर जसाच्या तसा घेऊन जाता येतो, तो आमच्याकडे अडकून पडत नाही.

पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी ‘प्रिव्ह्यू’ बघा, आणि शक्यतो फोनवर बघा कारण तुमचे वाचक फोनवरच वाचतात. काही वेडंवाकडं दिसलं तर आधी ओळींच्या सुरुवातीच्या स्पेस आणि डॅशच्या रेघा तपासा. तरीही जमलं नाही तर पोस्ट ‘ड्राफ्ट’ म्हणून सेव्ह करून आम्हाला कळवा, पुसून पुन्हा टाकू नका, मूळ मजकूर समोर असला की चूक लगेच सापडते. स्क्रीनशॉटपेक्षा पोस्टचं नाव सांगितलेलं बरं.

वार्षिक देखभालीत असलेल्या ग्राहकांच्या अशा दुरुस्त्या आम्ही वेगळे पैसे न घेता करतो. देखभाल घेतलेली नसेल तर दुरुस्तीचे पैसे पडतात, रक्कम आधी सांगून मगच काम सुरू करतो. पूर्ण अंक, स्मरणिका किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर चढवायचा असेल तर ते काम आम्ही मुद्रितशोधनासकट घेतो, दिवाळी अंकाचं काम असेल तर गणपतीच्या आधी सांगा, नंतर गर्दी होते. तुमच्याकडे मजकूर टाकणारी व्यक्ती नवीन आली असेल तर तिला फोनवरून शिकवायला आम्ही तयार आहोत, फक्त त्या वेळी ती कॉम्प्युटरसमोर बसलेली असावी आणि खरी टाकायची असलेली एखादी सूचना हाताशी ठेवावी.