निपाणीच्या वखारी आणि बाईचा रोज : पार्श्वभूमी

सीमाभागातल्या कष्टकऱ्यांचा विषय निघाला की 1981 चं निपाणीचं तंबाखू आंदोलन हमखास आठवतं. शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. मागणी तंबाखूच्या भावाची होती. त्याच गावात तंबाखूच्या वखारींतल्या बायकाही त्या सुमारास रोजासाठी संघटित झाल्या होत्या, पण त्यांची आठवण क्वचितच निघते. इथली बाईपुरुषांच्या कमाईतली तफावत मात्र समजते ती वखारीतच.

वखारीत काम आधीच वाटलेलं असे. पोती उचलणं, देखरेख, हिशेब पुरुषांकडे. तंबाखू निवडणं-चाळणं बायकांकडे. दिवसभर तंबाखूची धूळ खायची आणि रोज कमी घ्यायचा. बिडीचं काम घराघरात गेलं. तिथे मजुरी हजार बिड्यांमागे ठरते, म्हणजे कागदावर भेदभाव नाहीच. पण वळणाऱ्या बहुतेक बायका. पानं भिजवण्या-कातरण्यात लेकीसुनांचे हात लागतात, त्यांची वेगळी हजेरी कुठेच लागत नाही, आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले जातात ते वेगळेच.

समान वेतनाचा वटहुकूम 1975 मध्ये निघाला, 1976 मध्ये कायदा झाला. ‘समान किंवा तत्सम स्वरूपाचं काम’ असेल तर मोबदला सारखा, असं तो सांगत होता. खरा वाद इथेच आहे. तुलनेला पुरुष हवा. ज्या कामावर पुरुष नाहीच, तिथे बाईने कोणाकडे बोट दाखवायचं? 1987 च्या एका निकालाने वाट थोडी मोकळी केली. मुंबईतल्या एका जहाज कंपनीच्या स्टेनोग्राफर बाईचा तो खटला. काम किरकोळ फरकाने वेगळं असलं तरी ते तत्समच, एखाद्या जागेवर फक्त बायकाच नेमल्या ही सबब चालणार नाही, आणि कंपनीला परवडत नाही हेही कारण नाही, असं त्यात ठरलं. पण त्या बाईला तिच्यासारखंच टायपिंग करणारे पुरुष दाखवता आले. चाळणीवर बसलेल्या बाईला हमालाचं काम ‘तत्सम’ म्हणून सिद्ध करणं जवळपास अशक्य. माझ्या मते त्या कायद्याची मोठी उणीव हीच : तो एका कामाचे दोन दर पकडायचा, पण बायकांचं म्हणून जे काम स्वस्त ठरवलं गेलं त्याला हात लावत नव्हता. त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही तुलना ‘समान किंवा तत्सम’ कामाशीच आहे.

कामाची अशीच वाटणी वखारीबाहेरही दिसते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या भातशेतीत रोप लावायला बायका, नांगराला गडी. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागांवर कांड्या भरायला बायका.

अर्थशास्त्राचं 2023 चं नोबेल ज्या संशोधनाला मिळालं, त्यानुसार श्रीमंत देशांत आजची तफावत बरीचशी एकाच पेशातली आहे आणि ती पहिल्या मुलानंतर रुंदावते. सीमाभागात ती मुलाच्या आधीच, काम वाटतानाच पडते.

अलीकडे दोन गोष्टी बदलल्या. रोजगार हमीत बाई आणि गडी यांचा दर एकच असल्याने शेतमालकाशी बोलताना बाईकडे एक आकडा आला. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, त्यामुळे खेड्यातल्या बाईला बेळगावातलं काम परवडू लागलं.