खाडा ते भरपगारी रजा: चाकरमान्याच्या सुटीची पार्श्वभूमी

गणपती जवळ आले की कोकणातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांत शिफ्टची यादी आणि रजेचे अर्ज यांची ओढाताण सुरू होते. रासायनिक प्लांट सहज बंद ठेवता येत नाही आणि घरचा गणपती चुकवायला कोणी राजी नसतो. कामगाराच्या मोकळ्या वेळाला मालकाने किती साथ द्यावी, हा प्रश्न कोकणी माणसाने मुंबईच्या गिरण्यांत फार आधी सोसला आहे.

तिथे आधी आठवड्याची सुटीही नव्हती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी ती मागितली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पण रविवारात कोकण गाठता येत नाही. शिमग्याला बोटीने गावी गेलेल्याचा पगार बुडायचा, त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा आणि परतल्यावर काम मिळणं जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या मर्जीवर असायचं. हाताशी कसब असलेला माणूस पुन्हा दारात उभा! मालकांच्या लेखी मात्र ही नुसती गैरहजेरी होती.

या समजाला भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात छेद दिला. गावाशी असलेलं नातं ही कामगाराची जमेची बाजू आहे, ते तोडू नका, ते नियमित करा, असं आयोगाचं म्हणणं होतं. ठरावीक मुदतीची रजा द्यावी आणि परतल्यावर जागा मिळेल अशी हमी असावी. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा विचार वाटतो. काम जाण्याची धास्ती डोक्यात असेल तर घरी बसूनही माणूस विसावत नाही.

पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वर्षभर सलग नोकरी करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून कल्याण केंद्रं उभी राहिली. कामगारांची नाटकं, कबड्डी, वाचनालयं त्यांतून फुलली.

आज कंपन्या सहली काढतात, क्रिकेटचे सामने भरवतात. चांगलंच आहे. मात्र सुटीच्या दिवशी सक्तीने नेलेली सहल ही ड्युटीच होते. आपल्या मनाने घालवलेल्या वेळातच थकवा उतरतो आणि माणूस ताजा होऊन कामावर येतो. लोट्यात तरी पहिली गरज साधी आहे: यादी महिनाभर आधी लागावी, आणि गेल्या गणपतीत प्लांट सांभाळणाऱ्यांची नावं यंदा रजेत वर असावीत.