हरणाचा घरचा खिमा आणि शिशाचा वाद

अमेरिकेत जवळपास सगळीकडे शिकार केलेल्या रानटी हरणाचे मांस विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या शिकारीने हरणे जवळपास संपली, तेव्हा राज्यांनी विक्री बंद केली आणि १९००च्या केंद्रीय कायद्याने राज्याबाहेरचा चोरटा व्यापार रोखला. पुढे हरणे भरपूर वाढली, बंदी मात्र राहिली. म्हणून मारलेले हरीण घरी खायचे, वाटायचे किंवा दान करायचे. पाठ-मांडीचे तुकडे अख्खे राहतात. खांदा, मान आणि उरलेसुरले खिम्याला जाते. जखमेभोवतालचे मांसही त्यातच.

इथेच २००८ साली ठिणगी पडली. नॉर्थ डकोटात एका डॉक्टरांनी गरिबांच्या अन्नकेंद्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्याची सुमारे शंभर पाकिटे स्कॅन केली. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण दिसले. पुढच्या तपासणीत ते शिसे ठरले. शिशाची गोळी आत फुटते, कण जखमेपासून फूटभर लांबही जातात, आणि यंत्रातून फिरल्यावर सगळ्या घाण्यात मिसळतात. राज्याने केंद्रांना खिमा फेकून द्यायला सांगितले. डॉक्टर स्वतः शिकारी. पण गोळ्यांतले शिसे ज्यांना बाधते त्या शिकारी पक्ष्यांच्या (गरुड, गिधाडे वगैरे) संवर्धन संस्थेशीही संबंधित, म्हणून गोळ्या बनवणाऱ्यांच्या गोटातून त्यांच्या हेतूवरच बोट ठेवले गेले. त्याच वर्षी राज्यातल्या सातशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांत शिसे थोडे जास्त होते, पण तेव्हाची धोक्याची पातळी, म्हणजे डेसिलिटरभर रक्तात १० मायक्रोग्रॅम, कोणीच गाठली नव्हती. झाले, दोन्ही बाजू जिंकल्या! मुलांसाठीची ती पातळी २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली, हे मात्र वादात क्वचितच कोणी सांगतो.

खटकते ते वेगळेच. फेकायची सूचना दानाच्या मांसापुरती होती. शिकाऱ्याच्या स्वतःच्या फ्रीझरमधला तसाच खिमा त्याच्या मुलांच्या ताटात जात राहिला. तिथे फक्त सल्ला.

त्यानंतर तांब्याच्या गोळ्यांचा वापर वाढला. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. दुसरीकडे हरणांचा मेंदू पोखरणारा रोग २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या रानात सापडला होताच. माणसाला तो झाल्याचा पुरावा नाही, तरी रोग असलेल्या भागात डोके तपासायला देतात, मांस हाडावेगळे करतात आणि अहवाल येईपर्यंत खात नाहीत. बऱ्याच खाटकांकडे अनेकांची हरणे एकाच घाण्यात जातात, त्यामुळे काहींनी घरीच यंत्र आणले आहे.