विद्यार्थी निवडणुका थांबल्या कशा? महाराष्ट्रातल्या कॉलेज प्रतिनिधित्वाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या दृष्टीने १९८९ हे साल दोन कारणांनी महत्त्वाचं आहे. २८ मार्चला ६१वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींना देशाचं सरकार निवडण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या काळात ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पाच वर्षांनी आलेल्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने कॉलेजांमधल्या थेट निवडणुकाच बंद केल्या. तेव्हापासून आपल्याकडचा विद्यार्थी आमदार-खासदाराला मत देतो, पण त्याच्या वर्गाचा प्रतिनिधी कोण, हे तो ठरवत नाही.

जून-जुलैत प्रवेश घेतल्यावर अनेक जण विचारतात की कॉलेजमध्ये काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची. जीएस (जनरल सेक्रेटरी, म्हणजे विद्यार्थ्यांचा सरचिटणीस) असतो का? निवडणूक होते का? मग सांस्कृतिक विभागाचा सचिव कोण नेमतं? याची उत्तरं प्रॉस्पेक्टसमध्ये सापडत नाहीत. ती या इतिहासात आहेत.

सुरुवात फार जुनी आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे इथली विद्यार्थ्यांची संघटना विद्यापीठाहून नऊ वर्षांनी थोरली आहे. सभासद जमायचे, निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायचे. एवढ्यावरच ते थांबले असते तर आज त्यांची आठवण काढायचं कारण नव्हतं. पण स्त्रीशिक्षणावर बोलता बोलता आपणच का शिकवू नये, असा प्रश्न निघाला आणि १८४९ मध्ये या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. तरुण दादाभाई नौरोजी त्यांच्यात पुढे होते. सुरुवातीला सभासद स्वतःच बिनपगारी शिकवत. मुली मिळाव्यात म्हणून घरोघरी जाऊन पालकांची मनधरणी करावी लागे. नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात एका शाळेला जागा दिली. सोसायटीच्या मराठी शाखेतून १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघालं.

त्या वेळी विशी-पंचविशीत असलेल्या या मुलांना कुणी नेमलं नव्हतं. शाळेसाठी जागा, शिकवायला माणसं, महिन्याचा खर्च आणि गल्लीतला विरोध, हे सगळं त्यांनी स्वतःच निस्तरलं. मला तरी महाराष्ट्रातल्या विद्यार्थी नेतृत्वाचा सगळ्यात भक्कम पाया इथेच दिसतो.

पुढच्या पन्नास वर्षांत विद्यार्थी आणि राजकारण हा विषय सरकारला डाचू लागला. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडांची होळी झाली. त्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकत होते. प्राचार्य र. पु. परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकलं. टिळकांनी ‘केसरी’तून विद्यार्थ्यांची बाजू घेतली. १९०७ मध्ये तर सरकारने रिस्ली परिपत्रक काढून विद्यार्थ्यांच्या राजकीय सहभागाला देशभर लगाम घालायचा प्रयत्न केला. विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, बाकीच्यात पडू नये, हे वाक्य आपण आजही ऐकतो. ते तेव्हाच सरकारी कागदावर आलं होतं.

पुढे १९३६ मध्ये लखनौला ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन स्थापन झालं, १९४२ मध्ये कॉलेजं ओस पडली. स्वातंत्र्यानंतर संघटनांची संख्या वाढत गेली. १९४९ मध्ये अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेची नोंदणी झाली आणि मुंबईत प्राध्यापकी करणाऱ्या यशवंतराव केळकरांनी तिची बांधणी केली. १९७० मध्ये डाव्या विचारांची एसएफआय आली, १९७१ मध्ये काँग्रेसची एनएसयूआय. पुण्यात डॉ. कुमार सप्तर्षी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ च्या सुमारास युवक क्रांती दल उभं केलं, ते कुठल्याही पक्षाची शाखा नव्हतं.

या काळातलं एक उदाहरण मुद्दाम सांगायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये, देशाचे कायदामंत्री असताना, बाबासाहेब त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. संसदेत ज्या विधेयकावरून रण माजलं होतं, ते त्यांनी विद्यार्थ्यांपुढे उलगडून मांडलं. विद्यार्थी हे अजून अपुरे नागरिक आहेत असं मानणारा माणूस असं करणार नाही.

सत्तरचं दशक या इतिहासातलं सगळ्यात भरलेलं. माजी सरन्यायाधीश आणि मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या समितीने विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना स्थान देण्याचा विचार मांडला. कॉलेजांत निवडणुकांना जोर होता. वर्गाचा प्रतिनिधी सीआर, कॉलेजचा जीएस आणि विद्यापीठावर जाणारा प्रतिनिधी यूआर, अशी ती उतरंड. जीएसची निवडणूक म्हणजे गावातली घटना असायची. शरद पवार त्याआधीच पुण्याच्या बीएमसीसी कॉलेजात, गोपीनाथ मुंडे अंबाजोगाईत, नितीन गडकरी नागपुरात विद्यार्थी राजकारणातच घडले.

मराठवाड्यात तर विद्यार्थी रस्त्यावरच आले. १९७३-७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाची सुरुवात विद्यार्थ्यांनी केली. मागण्या होत्या नोकऱ्यांच्या, रेल्वेच्या, सिंचनाच्या. वसमतला पोलीस गोळीबार झाला. चार वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्याच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. नामांतराच्या बाजूने सोळा वर्षं झगडलेल्या पिढीत विद्यार्थी होते आणि विरोधातल्या मोर्चांतही विद्यार्थी होते. विद्यार्थी चळवळ म्हणजे आपोआप पुरोगामी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग टाळू नये. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ कायम ठेवून आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं.

आणि त्याच १९९४ मध्ये निवडणुका गेल्या.

हे एका खुनामुळे झालं असं म्हणणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. ऐंशीच्या दशकात कॉलेज निवडणुकांत बाहेरचा पैसा आला होता, बाहेरची मुलं येत होती. विद्यापीठ पातळीवरचा अध्यक्ष यूआर निवडत, त्यामुळे मोजक्या मतांवर सगळा खेळ असे. मग मतदानापर्यंत प्रतिनिधींना सहलीच्या नावाखाली बाहेरगावी नेऊन ठेवायचं, फोडाफोडी करायची, प्रसंगी पळवायचं, असले प्रकार होत. पालक धास्तावले होते, प्राचार्य वैतागले होते. भीती खोटी नव्हती, हे मान्यच करायला हवं.

पण उपाय काय निघाला, ते बघा. १९९४ च्या कायद्यातलं ४०वं कलम विद्यार्थी परिषदेचं. परिषदेचे अध्यक्ष प्राचार्य. प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी. खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक क्षेत्रातून प्राचार्यांनी नेमलेला एकेक विद्यार्थी, शिवाय प्राचार्यांनीच नेमलेल्या दोन विद्यार्थिनी. ही मंडळी आपल्यातून एक सचिव निवडणार. वर्गातल्या उरलेल्या शंभर-सव्वाशे जणांना यात काहीच करायचं नाही. वर्गात पहिली आलेली मुलगी हुशार असते, पण तिला प्रतिनिधी व्हायचंय का, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. तिच्या नावापुढे पद लागल्याचं तिला नोटीस बोर्डावरून कळतं. ज्यांच्या वतीने तिने बोलायचं त्यांनी तिला पाठवलेलं नाही, त्यामुळे तिने काय केलं हे विचारायचा हक्कही त्यांना नाही. शिवाय विद्यापीठ पातळीवरची निवड मोजक्या सचिवांच्या मतांवरच राहिली. म्हणजे जिथे फोडाफोडीला वाव होता ती जागा शिल्लक ठेवली आणि सामान्य विद्यार्थ्याचं मत तेवढं काढून घेतलं. माझ्या मते या कायद्याची खरी चूक ही होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या या समितीचे नियम आज देशभर ओळखीचे आहेत. उमेदवाराला ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरला बंदी आणि फक्त हाताने लिहिलेल्या पोस्टरला परवानगी, ७५ टक्के हजेरी, गुन्हेगारी पार्श्वभूमी नको, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या शिफारशी मात्र वेगळ्या आहेत आणि त्यांची चर्चा कमी होते. वातावरण फारच बिघडलेलं असेल तर तात्पुरतं नामनिर्देशन चालेल, असं समितीने म्हटलं. पण ते केवळ परीक्षेतल्या गुणांवर आधारलेलं नसावं आणि पाच वर्षांत निवडणुकीकडे वळावं, असंही सांगितलं. महाराष्ट्रात नेमकं गुणांवरच चालू होतं. पाच वर्षांची मुदत धरली तर ती २०११ मध्ये संपली.

बदल कागदावर आला तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मधून. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. तेव्हाचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री विनोद तावडे स्वतः अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेतून आलेले. कायद्याच्या ९९व्या कलमाने थेट निवडणूक परत आणली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडायचे, वर्गप्रतिनिधीही मतदानानेच. पूर्वी प्राचार्यांनी नेमल्या जाणाऱ्या विद्यार्थिनीच्या जागी निवडून आलेली विद्यार्थिनी आली, हा फरक लहान नाही. २०१८ मध्ये निवडणुकीचे नियम निघाले, २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुका घ्यायचं ठरलं. विधानसभा निवडणूक तोंडावर आल्यावर त्या पुढे ढकलल्या. मार्च २०२० मध्ये कोविडने कॉलेजंच बंद केली. २०१९ मध्ये एफवायला असलेली मुलं मत न देताच पदवी घेऊन बाहेर पडली.

या सगळ्या काळात कॉलेजमधलं सार्वजनिक जीवन थांबलं होतं का? मुळीच नाही, ते दुसऱ्या वाटांनी वाहत राहिलं. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून आहे. त्यात एकांकिका बसवणारा मुलगा चाळीस जणांना तालमीला वेळेवर आणतो, तेव्हा तो नेतृत्वच शिकत असतो. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा रेगाटा हा नौकानयनाचा सोहळा १९२८ पासून विद्यार्थी उभा करतात, आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो हा सांस्कृतिक महोत्सव सत्तरच्या दशकापासून. आयआयटीसारख्या संस्था राज्याच्या विद्यापीठ कायद्याखाली येत नाहीत, त्यामुळे तिथे निवडणुकाही होत राहिल्या.

पण खेड्यापाड्यातल्या कॉलेजांसाठी सगळ्यात मोठी वाट राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. आपल्याकडे त्याला श्रमसंस्कार शिबिर म्हणतात. गावातल्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान. शोषखड्डे किंवा ओढ्यावर मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा. दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावकऱ्यांपुढे पथनाट्य. गट पाडलेले असतात. आज भाकऱ्या कुणी करायच्या, सिमेंटची रिकामी पोती कुठून आणायची, सरपंचांशी कोण बोलणार, हे गटप्रमुखाला ठरवावं लागतं. ज्याला वर्गात उभं राहून दोन वाक्यं बोलवत नव्हती, तो सातव्या दिवशी समारोपात माइक धरतो. हे अनेकांनी पाहिलेलं आहे आणि अनेकांचं आयुष्य तिथून वळलं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर या कामाला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांकही (क्रेडिट) मिळू लागले. ते चांगलंच आहे. पण श्रेयांक प्राध्यापक देतात, मत सहाध्यायी देतात. पहिल्यात केलेल्या कामाची पावती मिळते, दुसऱ्यात पुढच्या कामाची जबाबदारी. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

म्हणून कॉलेजात नव्याने आलेल्यांनी एक गोष्ट जरूर शोधावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांनुसार (२०१५) प्रत्येक संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा, तीन विद्यार्थी सदस्य हवेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत. तिथे निवडणुकीचा शब्द नियमातच आहे. त्यासाठी ९९व्या कलमाच्या मुहूर्ताची वाट बघावी लागत नाही. आपल्या कॉलेजातले ते तीन जण कोण आहेत आणि त्यांना कुणी निवडलं, हे प्राचार्यांच्या कार्यालयात लेखी विचारता येतं.