वावरातली बिअर आणि वाटेतला वर्धा जिल्हा

घरी बनवलेली बिअर बाटल्यांत भरायची, थंडीतल्या एखाद्या रविवारी कुणाच्या तरी वावरातल्या घरी जमायचे, एकमेकांची चाखायची, नावे ठेवायची आणि उरलेल्या बाटल्यांची अदलाबदल करून परतायचे. पुण्या-मुंबईकडे या छंदाचे आता कुणाला अप्रूप नाही. विदर्भात तो तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला, पण इथे त्याची चर्चा सुरू झाली की तासाभरात दारूबंदी, हातभट्टी आणि मोहफूल हे तीन विषय निघतातच. वीस लिटरच्या बादलीचा या तिघांशी संबंध कसा आला, एवढेच इथे सांगायचे आहे. बिअर कशी बनते ते वाचकांना ठाऊक आहे असे धरतो.

फार मागे जायचे कारण नाही. मोहाची दारू आणि शिंदीचा रस पूर्व विदर्भात सणावाराला, लग्नात, मयताला पिढ्यान्‌पिढ्या होता. इंग्रजी अमदानीत सरकारने भट्ट्यांचे लिलाव सुरू केले आणि घरची दारू ही ठेकेदाराच्या उत्पन्नाची चोरी ठरली. पुढे ठिकठिकाणच्या भट्ट्यांच्या जागी मध्यवर्ती कारखाने आले, म्हणजे महसूल मोजायला आणखी सोपे झाले. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि 1915 मध्ये प्रांताचा अबकारी कायदा आला. 1937 नंतरच्या प्रांतिक मंत्रिमंडळाने 1938 मध्ये दारूबंदीचा कायदाही करून पाहिला. सेवाग्राम याच प्रांतात असल्यावर दुसरे काय होणार?

खरा फाटा 1956 चा. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा 1959 मध्ये इकडेही लागू झाला. 1915 चा तो जुना प्रांतिक कायदा मात्र मध्य प्रदेशात टिकला, पुढे छत्तीसगडातही गेला, आणि त्याच्या चौकटीत आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती दारू गाळायची मुभा मिळाली. त्यामुळे गोंदिया जिल्ह्याच्या सीमेपलीकडे बालाघाटकडे ज्या मडक्याला सवलत आहे, तेच मडके अलीकडे गुन्ह्याचा मुद्देमाल आहे. आपल्याकडचा कायदा आधी सगळे बंद करतो आणि मग परवान्याने एकेक दार उघडतो. ज्या राज्यात चौकाचौकात बार आहेत तिथे प्यायचाही परवाना लागतो, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आयुष्यभराचा हजाराला, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? घरी बनवायच्या परवान्याचे दार या कायद्याने छंदासाठी उघडलेलेच नाही. बनवणे, बाळगणे, नेणे तर सोडाच, बनवायची साधने जवळ ठेवणेही त्यात येते.

इतरत्र हा गुंता एका साध्या रेषेने सुटला. ब्रिटनने 1963 मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली. अमेरिकेत 1933 मध्ये दारूबंदी उठल्यावर घरच्या वाइनला मोकळीक मिळाली, बिअर राहून गेली आणि तिला 1978 च्या कायद्याची वाट पाहावी लागली. एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, म्हणजे सुमारे 378 लिटर, आणि तीही विकायची नाही, अशी ती सूट होती. दोन्ही देशांनी आंबवणे आणि गाळणे यांत फरक केला. आंबवा, पण भट्टी चढवू नका. आपल्याकडे बादलीतली पाच टक्क्यांची बिअर आणि पत्र्याच्या डब्यातली पहिल्या धारेची दारू एकाच कलमात बसतात. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हा ‘घरची दारू’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच उभे राहिले. ते मिथेनॉलचे प्रकरण होते, उद्योगात वापरायचे रसायन दारू म्हणून विकले गेले होते. बार्लीच्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, तसे काही होत नाही, पण हे वेगळेपण पोलिस पाटलाला समजावून सांगायला कोण जाणार?

ज्वारीची गोष्ट याहून बोलकी आहे. परतीच्या पावसात काळी पडलेली ज्वारी कुणी घेत नाही, तेव्हा तिचा मद्यार्क करा, या युक्तिवादावर राज्याने 2007 मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान देऊ केले. त्यावर पुढे बरेच रान उठले. काळी पडलेली ज्वारी हे निमित्त खरे की खोटे, हा वाद इथे नको. पण ज्वारीची दारू कारखान्यात झाली तर धोरण आणि शेतकऱ्याच्या ओसरीत झाली तर गुन्हा, हे त्या वर्षी कागदावर आले.

आता चंद्रपूर. पार्श्वभूमीच्या टिपणात एका जिल्ह्याला इतकी जागा द्यावी का, असे कुणी म्हणेल. पण अदलाबदलीचा नकाशा त्याच निर्णयाने बदलला. वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून कोरडा. गडचिरोली 1993 पासून, तेही लोकांनी मागून घेतलेले. चंद्रपुरात ही मागणी बायांनी लावून धरली. डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत त्या पायी चालत आल्या, विधानभवनावर धडकल्या, आणि पुढे चार वर्षे पाठपुरावा करत राहिल्या. ज्या गावांत आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, मतदान झाले तिथल्या याच बाया. त्यांच्या घरात संध्याकाळी काय चालते ते त्यांना माहीत होते, त्यामुळे त्यांच्यापुढे ‘छंद’ हा शब्द उच्चारायलाही धीर लागतो. 1 एप्रिल 2015 ला बंदी लागू झाली.

मग तीन सलग जिल्हे कोरडे झाले. नकाशा घेऊन बसा. नागपूरहून चंद्रपूरला निघालात की जाम, म्हणजे वर्धा जिल्हा. यवतमाळला निघालात तर देवळी, तेही वर्ध्यात. अमरावतीला निघालात तर कारंजा घाडगे आणि तळेगाव, पुन्हा वर्धाच. मुख्य रेल्वेमार्गानेही सुटका नाही, समृद्धी महामार्गही त्याच जिल्ह्यातून जातो. नागपूर आणि अमरावतीकडच्या छंदिष्टांना कोरडा जिल्हा टाळायचा तर काटोल, जलालखेडा, वरुड असा संत्र्याच्या पट्ट्यातला वळसा उरतो, आणि काही जण तो हौसेने घेतातही. कायद्याच्या दृष्टीने या वळशाला काडीचा अर्थ नाही, कारण बिनपरवान्याची बिअर काटोलातही तितकीच बेकायदा आहे. पण भीती कलमे वाचून लागत नाही, नाके पाहून लागते.

चंद्रपूरच्या बंदीची सहा वर्षे कशी गेली यावर आजही एकमत नाही. वणीसारख्या सीमेलगतच्या गावांतली दुकाने तेजीत आली, चोरटी वाहतूक वाढली, हे कुणी नाकारत नाही. निवृत्त अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा अहवाल आला आणि 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने बंदी उठवायचे ठरवले. बेकायदा दारू वाढली, गुन्हे वाढले, त्यात बाया आणि पोरे ओढली गेली, असे कारण सरकारने दिले. चालून आलेल्या बायांना विचारा, त्या म्हणतील की बंदी फसली नाही, ती राबवलीच नाही. मला त्यांचे म्हणणे अर्धे पटते. पण राबवली असे म्हणायचे तर आधी कुणावर? रिकामी तपकिरी बाटली भंगारवाल्याकडून आणायची तरी चौकशी होईल, या धास्तीने चंद्रपूरकडचे हौशी त्या काळात सोड्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांत बिअर भरत. ट्रकने दारू आणणारा मात्र ट्रकनेच आणत होता.

बंदी उठली तेव्हा ‘आता आपलेही मोकळे झाले’ असा समज बराच पसरला. तो चुकीचा होता. मोकळे झाले ते परवान्याचे दुकान. त्याच वर्षी मोहफूल गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंधही राज्याने काढले. फुलाला भाव मिळावा, लाडू-सरबत-जॅम व्हावे हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण ते फूल मडक्यात भिजले की जुने कलम जिथल्या तिथे. एकाच वर्षात दोन दारे उघडली, आणि घरी आंबवणारा दोन्हींच्या बाहेर राहिला.

छंदाचा आजचा चेहरा मात्र 2020 च्या टाळेबंदीत घडला. मार्चच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत दुकाने बंद होती, हाताला काम नव्हते आणि घराघरात पावासाठी आणलेले ईस्ट पडून होते. त्याची बिअर फसफसली, पावासारखीच लागली, आणि शिकणारे पुढे सरकले. विदर्भात पहिली अडचण उन्हाची. बिअरच्या नेहमीच्या एल ईस्टला 18 ते 22 अंश लागतात, इथे दिवाळी ते शिवरात्र सोडली तर ते मिळत नाहीत. नॉर्वेच्या खेड्यांतले क्वेक नावाचे ईस्ट 35 अंशांतही नीट काम करते, हे कळले आणि हंगाम लांबला. तरी मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या पत्र्याखाली कोणतेच ईस्ट शहाण्यासारखे वागत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी माणसाला प्यायच्या लायकीचे नाही, तिथे बिअरसाठी कॅनचे पाणी आणावे लागते. तिसरी माल्टची. बार्ली उत्तरेतून येते, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले महाग, म्हणून ज्वारीचे प्रयोग सुरू झाले. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून मोड आणायचे, उन्हात खडखडीत वाळवायची आणि चोळून मोड-मुळ्या पूर्ण काढायच्या. हे चुकवून चालत नाही, कारण कोवळ्या मोडात सायनाइड देणारे द्रव्य असते; गुरांना ज्वारीची कोवळी धाटे का घालत नाहीत, ते शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पुढे ज्वारीचा स्टार्च 70 अंशांच्या आसपास फुगतो आणि तिचे पाचक द्रव्य त्याआधीच थकते. म्हणून भरड वेगळी आंबिलीसारखी शिजवून, 65 अंशांवर आणून, तिच्यात बार्लीचे माल्ट मिसळतात. तिला टरफल नसल्याने गाळताना कापड चोंदते ते वेगळेच. निघते ती बिअर फिकी, गढूळ, किंचित आंबट. बार्लीवाले नाक मुरडतात, पण अदलाबदलीत तीच आधी संपते.

चाखण्याची रीत ठरलेली आहे. फिक्यापासून काळ्याकडे जायचे, मधे कोरडे मुरमुरे, तर्री शेवटी. झाकणावर फक्त आकडा, कुणाची ते नंतर सांगायचे. ‘हे तं लोणी लागून राह्यलं भाऊ’ असे कुणी म्हटले की घाईने बाटलीबंद केले हे कळते. हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी दोष तोच. मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळताना झाकण ठेवले. भिजल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर भरताना हवा लागली. हिरव्या बाटलीत भरून उन्हात ठेवलेली असेल तर उग्र वास येतोच, तिथे चर्चा होत नाही. फेसासाठी बाटलीत घालायची साखर लिटरला सहा-सात ग्रॅमच्या वर गेली तर गाडीतच झाकण उडते, आणि म्हणून मार्चनंतर कुणी बाटल्या नेत नाही.

अलीकडे अदलाबदलच आवरती घेतली जाते. यजमानाकडे जे बनले ते तिथेच संपवायचे. पाहुण्यांनी सोबत न्यायचे ते वाळवलेले ज्वारीचे माल्ट, भिवापुरी मिरची, संत्र्याची साल आणि कृतीचा कागद. यातले काहीही कारंज्याच्या नाक्यावर दाखवता येते. क्वेकचे वाळवलेले कण तर खिशातल्या पुडीत मावतात. पुढच्या थंडीत वरुडला आणि सिंदेवाहीला एकाच ईस्टची बिअर निघते, फक्त पाणी आणि धान्य ज्याचे त्याचे.