पत्र्यावरचा पाऊस आणि 'काय?' म्हणणारा मुलगा

जुलैत मालवणकडच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गात बसलो होतो. पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. बाई श्रुतलेखन घालत होत्या. 'गार' म्हणाल्या, भिंतीकडच्या बाकावरच्या मुलाने लिहिलं 'घार'. त्याआधी 'डाळ'ची 'ढाल' झाली होती. बाईंचं म्हणणं, लक्ष नाही. घरी आजीचं म्हणणं, "कान खंय ठेवलंस रे?"

कान जागच्या जागी होते. तपासणीही झाली होती, रिपोर्ट नॉर्मल. घोळ इथेच होतो. शांत खोलीत हेडफोन लावायचा, बारीक 'पीं' ऐकू आली की बटण दाबायचं: आवाज पोचतो का, एवढंच त्यातून कळतं. पोचलेल्या आवाजातून मेंदू शब्द सोडवतो का, हे नाही. या दुसऱ्या कामातल्या अडचणीला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर म्हणतात.

'ग'नंतर स्वर लगेच लागतो. 'घ'मध्ये श्वासाचा झोत मिसळतो, सेकंदाच्या काही शतांश भागापुरता. पत्र्यावरच्या पावसाचा आवाजही तसाच, सगळ्या पट्ट्यांत पसरलेला. झोत त्यात बुडतो. शिवाय एका बाजूने आलेला आवाज दोन्ही कानांशी थोडा मागेपुढे पोचतो, फार तर 0.7 मिलिसेकंदांनी. तेवढ्यावरून मेंदू बाईंचा आवाज गलक्यातून वेगळा काढतो. काही मुलांना नेमकं हेच जड जातं.

म्हणून खूण शोधायची ती फरकात. दुपारी निवांत पडवीत सांगितलेली गोष्ट पोर शब्दन् शब्द सांगतं. पण टीव्ही चालू असताना "परड्यातून कढीपत्ता आण, येताना नारळ उचल आणि पंप बंद कर" म्हटलं की नुसता पंप बंद करून येतं. उत्तर उशिरा येतं, आधी "काय?" येतं.

पण घाई नको. सर्दीने पडद्यामागे पाणी साचलं, तरी असंच दिसतं. म्हणून आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. लक्ष न टिकणं, भाषा उशिरा येणं, वाचनाची अडचण यांचीही हीच लक्षणं. हा स्वतंत्र विकार मानावा का, यावर तज्ज्ञांतच वाद आहे. खास चाचण्या साधारण सात वर्षांनंतर करतात: दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे, गोंगाटातले शब्द, आवाजातली निमिषभराची फट. शब्दांच्या चाचण्या मुलाच्या भाषेत हव्यात. घरी मालवणी बोलणाऱ्याला इंग्रजी शब्द ऐकवले, तर परीक्षा इंग्रजीचीच होते.

शाळेत करायचं ते निदानाआधीही करता येतं. पुढचा बाक, फळ्याकडे तोंड करून न बोलणं, एका वेळी एकच सूचना आणि ती त्याच्याकडून वदवून घेणं. बाईंचा आवाज गोंगाटापेक्षा 15 डेसिबल वर असावा, अशी शिफारस आहे. पत्र्याखाली सीलिंग नसेल तर जुलैत ते जमणं कठीणच.

पाऊस उघडल्यावर बाईंनी तेच दहा शब्द पुन्हा घातले. नऊ बरोबर आले. 'डाळ' मात्र ढालच राहिली.